दुसऱ्या पायरीपर्यंत

परवा हॉलच्या पायऱ्या झाडताना केरसुणीखाली कडुनिंबाचा मोहर आला. बारीक, पांढरी, कडसर वासाची फुलं. वर पाहिलं तर आख्खं झाड फुललेलं. लोकांना या वासानं पाडवा आठवतो. मला एक पायरी आठवते. फुलं सुपलीत भरून झाडाच्याच बुंध्याशी टाकली आणि येऊन खुर्चीत बसले. संध्याकाळी बघते तर पायरीवर तेवढीच फुलं पुन्हा पडलेली.

आमच्या सोलापुरात थंडी आणि उन्हाळा यांच्या मधे काही नसतं. एका आठवड्यात स्वेटर ट्रंकेत जातो आणि दुसऱ्या आठवड्यात माठ बाहेर येतो. त्याच सुमारास तिकडे मंद्रूपच्या बाजूला ज्वारीची काढणी चालते, शाळांमधून परीक्षा लागतात, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपवासकाळ सुरू होतो. चाळीस दिवस. कुणी चहा सोडतं, कुणी मटण, कुणी मालिका. मी एकतीस वर्षं शाळेत क्लार्क होते, त्यामुळे मला हा काळ परीक्षेचाच वाटत आला. हॉल तिकिटं, बैठक क्रमांक, दाखल्यासाठी खिडकीवर लागलेली रांग. निवृत्त झाल्यावर पहिल्याच मार्चमध्ये मला इतकं रिकामं वाटायला लागलं, की मी घरातल्या डब्यांवर नावं लिहून चिकटवली. साखरेच्या डब्यावर सुद्धा. काचेचा डबा होता, आतली साखर दिसत होती.

तेव्हा पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. चर्चच्या मागचा आमचा हॉल दगडी, उंच छताचा, आणि आठवड्यात सहा दिवस कुलूपबंद. त्यांनी तो गावातल्या गटांना उघडून दिला. सोमवारी विडी वळणाऱ्या बायका अक्षरं गिरवायला येणार, मंगळवारी कानानं ऐकू न येणारी तरुण मुलं, शुक्रवारी साखरेचं दुखणं असलेली म्हातारी माणसं. बुधवारी दारू सोडणाऱ्यांचा गट. यांतलं कुणी आमच्या मंडळीतलं नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "साळवेबाई, लोक चर्चच्या फाटकाशी येऊन थबकतात. आत जावं की नाही, कुणी काही म्हणेल का, असं त्यांना वाटतं. दारात कुणीतरी ओळखीचं हसणारं पाहिजे."

ओळखीचं म्हटल्यावर माझ्याशिवाय दुसरं कोण. शाळेचं जनरल रजिस्टर, पोरांच्या नावागावाचं, मी इतकी वर्षं लिहिलंय, की आडनाव ऐकलं की मी गाव सांगते आणि गाव ऐकलं की दोन-तीन आडनावं. माझी खुर्ची दाराच्या उजव्या बाजूला, शेजारी तिवईवर माठ, आणि माठाची जबाबदारी दावीदमामांची. मामा चर्चचे जुने राखणदार, कमी बोलणारे. मी त्यांच्या वाटणीचंही बोलायची.

कुणी पायरी चढलं की मी विचारायची, "कुणाचे तुम्ही?" आमच्याकडे स्वागत असंच होतं. तुमचं नाव काय यात आपुलकी नाही, कुणाचे यात आहे. दुधनीचे म्हटलं की, "मग कानडी येत असेल की." अकलूजचे म्हटलं की, "हितं कसे काय, एवढं हिरवं सोडून?" विणकरांच्या घरातली एक पोरसवदा बाई फाटकाशी पदर तोंडाला लावून उभी होती, तिला मी तिच्या आजीच्या नावानं हाक मारली, कारण आजीच्या तोंडावळ्यासारखा तिचा तोंडावळा. ती हसली, तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि चपला काढून आत पळाली. चपला काढायची गरज नव्हती, आमच्याकडे चालतं. पण त्या सगळ्या काढायच्या, आणि तापलेल्या फरशीवरून पाय उचलत उचलत धावायच्या. मग मामांनी पायऱ्यांपाशी एक ओलं गोणपाट टाकायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर मला माझाच अभिमान वाटायला लागला होता. उपवासकाळात तो सोडायला पाहिजे होता. मी चहा सोडला.

बुधवारच्या गटाचे एक जुने काका होते. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी स्वतः दारू सोडून खूप वर्षं झाली होती आणि गट तेच चालवायचे. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, आणि एवढ्या एका माणसाच्या बाबतीत मी ते काढूनही घेतलेलं नाही. पहिल्याच बुधवारी ते माझ्याशी बोलायला मुद्दाम लवकर आले.

"बाई, बाकीच्या दिवशी तुम्ही काय करता ते करा. बुधवारी दारात नाव नाही, गाव नाही, कुणाचा कोण नाही. या म्हणायचं, पाणी द्यायचं. आणि कोण आलं, कोण नाही आलं, हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. बायकोला नाही, आईला नाही."

मी मान हलवली. शाळेत परिपत्रकं यायची तेव्हा अशीच हलवायची.

उपवासकाळातला तो दुसरा बुधवार. सहाला पाच कमी असतील. ऊन अजून फाटकावर होतं. कडुनिंब असाच फुललेला. आत आठ-दहा माणसं बसलेली, पंखे फिरतायत, काका खुर्च्या गोल मांडतायत. फाटकातून एक माणूस आला. चाळिशीचा, अंगानं सुकलेला, तोंडाला पांढरा रुमाल बांधलेला. आमच्याकडे धुळीसाठी सगळेच बांधतात, त्यात काही विशेष नाही. फाटकापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग चपला काढल्या. पहिली पायरी चढला. दुसरी चढला. तिथं थांबून आत बघत राहिला.

त्याच्या डाव्या भुवईवर एक तिरकी खूण होती. ती खूण मी ओळखली, कारण त्या जखमेवर औषध मीच लावलं होतं. पाचवीत असताना तो झेंड्याच्या कट्ट्यावरून पडला होता आणि औषधाची पेटी ऑफिसात माझ्या कपाटात असायची. आयोडीन लावताना रडला नव्हता, फक्त माझ्या टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

मला इतका आनंद झाला, की मी खुर्चीतून उठलेच.

"अरे, मल्लिनाथ ना तू? मल्लिनाथ गुरुलिंग बिराजदार, मंद्रूप? मला नाही ओळखलंस? ऑफिसातली साळवेबाई. आई कशी आहे रे तुझी, नागव्वा?"

माझा आवाज मुळात मोठा. ऐन मधल्या सुट्टीत खिडकीतून नावं पुकारून तसा झालेला. आतली सगळी डोकी दाराकडे वळली.

त्यानं रुमाल खाली ओढला नाही. डोळे मात्र हसल्यासारखे झाले आणि लगेच विझले. म्हणाला, "बरी हाय बाई." मग आत एकदा बघितलं. "मी पत्ता चुकलो वाटतं. येतो बाई." आणि वाकून नमस्कार केला. दोन्ही पायऱ्या उतरला, चपला हातात घेतल्या, पायात नाही, आणि तसाच फाटकातून बाहेर गेला.

मी मागून ओरडले, "येत जा रे अधूनमधून."

मी खुश होते, हे लिहायला मला आज लाज वाटते. मामांना सांगितलंसुद्धा, कसा ओळखला बघा. मामा माठावरचं फडकं पिळत राहिले. काका दारात आले. त्यांनी मोकळी पायरी बघितली आणि मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, त्या माणसाला इथवर यायला किती महिने लागले असतील."

त्यानंतरचा तो महिना मला दिवसवार आठवतो. प्रत्येक बुधवारी मी पाचलाच येऊन बसायची. फाटकाशी कुणाची सावली हलली तरी खुर्चीतून अर्धी उठायची. कुणी दुसराच असायचा. मी पाणी द्यायची, या म्हणायची, मान वर करायची नाही. एका गुरुवारी मी न राहवून एस.टी. स्टँडवर गेले. मंद्रूपची गाडी लागलेली होती. कंडक्टर विचारत होता, यायचंय का. दाराच्या दांड्याला हात लावून मी उभी राहिले आणि विचार केला, जाऊन काय सांगू? त्याच्या घरात, बायकोसमोर, आईसमोर, की तुमचा माणूस दारू सोडायच्या गटाला आला होता? त्याला ते कळू द्यायचं नसेल तर? एकदा चारचौघांत उघडं पाडलं, आता घरी जाऊन पाडू? काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले होते, घरी जाऊन आणलेला माणूस टिकत नाही, त्याचा तो आला पाहिजे. गाडी गेली. मी केळी घेऊन घरी आले. ती केळी तशीच काळी पडली, कुणी खाल्ली नाहीत.

गेलं पाहिजे होतं. आज मला वाटतं, मी गेलंच पाहिजे होतं. कधी वाटतं, जाऊनही काही झालं नसतं. रात्रीची झोप या दोन वाक्यांत वाटली गेली आहे.

आता मी दारात कशी बसते ते सांगते. खुर्ची थोडी मागं, खांबाच्या आड घेतली आहे. लोक आधी माठ बघतात, मग मला. सोमवारच्या बायका मला चिडवतात, "बाई, आजकाल तुमी गप का हो? पैलं तर आमच्या सासूचं माहेर पन सांगत होता." मी हसते. या बुधवारीच एक जण आला. त्याचं आडनाव, गाव, दहावीचा बैठक क्रमांक लागलेली शाळा, बापानं कुठल्या गिरणीत काम केलं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यानंही मला ओळखलं असावं, कारण तो पायरीवर थबकला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी तांब्या उचलला. "या. पाणी घ्या. आत पंखा आहे." तो पाणी प्यायला आणि आत गेला. मी तांब्या विसळून ठेवला.

त्या वर्षीच्या उपवासकाळाचा शेवटचा शनिवार. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होऊन गेलेला, पुनरुत्थानाचा रविवार उद्यावर. आमच्याकडे हा दिवस मुका असतो. उपासना नाही, गाणं नाही. नेमकी पाण्याची पाळी त्या दिवशी आली, म्हणून मामांनी हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढून धुवायला घेतल्या होत्या. मी पुसत होते. दुपारचे दोन. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

फाटकाशी एक म्हातारी उभी होती. हिरवट इरकली लुगडं, कपाळाला विभूती, डोक्यावर पदर. चपला काढून हातात धरलेल्या. मी लांबूनच म्हटलं, "चपला राहू द्या आजी, पाय भाजतील." तिनं ऐकलं नाही, तशीच आली. हातात एक कागद होता, आठ घड्या घातलेला.

"हाल त्यो ह्योच का वो?"

मी कागद उघडला. काकांच्या अक्षरातला. बुधवार, संध्याकाळी सहा, चर्चच्या मागचा हॉल. घड्यांवर कागद फाटत आलेला. कुणीतरी तो पुष्कळदा उघडला आणि मिटला होता.

"माझ्या ल्येकाच्या पाकिटात हुता. नातवानं वाचला," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी साळंतल्या बाई न्हवं? माझा अंगठा तुमी घ्यातला हुता, मल्लूला साळंत घालताना."

"नागव्वा," मी म्हटलं. "मल्लिनाथ कसा आहे?"

"गेला की बाई. पोटात पानी झालं. चार दिस दवाखान्यात हुता. ज्वारी काढायची तशीच ऱ्हायली रानात, भावकीनं काढली."

मामांनी हातातली बादली खाली ठेवली. मी तिला खुर्ची दिली. ओली होती, ती तशीच बसली. पाणी दिलं, तिनं तांब्या मांडीवर धरला, प्याली नाही.

"घरची समदी म्हंत्यात, त्यानं कदी मनावर घ्यातलंच न्हाय. मरायचंच हुतं त्याला म्हंत्यात. त्याची बायकूबी म्हंती. तिचं बी खोटं न्हाय, लई सोसलं तिनं. आता तर त्याचं नावच काडत न्हाईत कुनी घरात. पोरगंबी काडत न्हाय." तिनं कागद परत घेतला आणि घडी घातली. "मला येवढंच सांगा बाई. आला हुता का त्यो हितं? का निस्ता कागुद ठिवून दिला?"

कोण आलं, कोण नाही, आईला नाही. काकांचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. एकदा नियम मोडून मी एक माणूस दारातून घालवला होता. आता पाळायचा म्हटलं तर त्याची आई तशीच परत जाणार, आणि मरेपर्यंत घरातल्यांचंच ऐकत राहणार. आणि खरं सांगायचं म्हटलं तर अर्धं सांगून चालणार नव्हतं. नुसतं आला होता एवढं सांगून मी तिच्या डोळ्यांत चांगली राहू शकले असते. तो मोह झाला, खोटं कशाला बोलू.

"आला होता," मी म्हटलं.

"कुटवर?"

मी बोट केलं. "दुसऱ्या पायरीपर्यंत."

ती उठली. तांब्या खुर्चीवर ठेवला. पायऱ्यांपाशी गेली, पहिली चढली, दुसरी चढली, आणि उभी राहिली. गोणपाट मामांनी धुवायला काढलं होतं, दगड तापलेला होता. "हितं?"

"तिथंच."

"त्वांड कुनीकडं हुतं त्याचं?"

"आत. आत बघत होता. बराच वेळ."

"म्हंजे आला हुता," ती स्वतःशीच म्हणाली. "आत बगत हुता."

मग मी सगळं सांगितलं. कसा ओळखला, कशी उठले, काय बोलले, आतल्या लोकांनी कसं वळून बघितलं, तो कसा गेला. चपला हातात घेऊन गेला हेसुद्धा. सांगताना मला रडू फुटलं, आणि आपण हिच्यासमोर रडतोय याची जास्त शरम वाटली. माफ कर असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते मागायचा अधिकार मला आहे असं वाटेना. तिनं माफ केलं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. तिनं तो विषयच काढला नाही.

पुढं मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "गेलेल्याला आता कसला नियम. पण बाई, राहिलेल्यांना आहे." तेवढ्यावर त्यांनी ते मिटवलं. मी मिटवलेलं नाही.

त्या दुपारी नागव्वा पायरीवर तशीच उभी होती. पाठ माझ्याकडे. कडुनिंबाची फुलं तिच्या पदरावर पडत होती आणि ती झटकत नव्हती. मला वाटलं, आता ही उतरेल, गाडीची वेळ विचारेल आणि जाईल.

"नाव घ्यातलं तुमी त्याचं," ती म्हणाली. "समदं? बापासकट?"

"समदं," मी म्हटलं.

"मोट्यानं?"

"हो."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. हॉलच्या उघड्या दाराकडे तोंड करून, पाय जुळवून उभी राहिली.

"एकदा घ्या की," ती म्हणाली. "त्या दिवशी घ्यातलं तसं."

मी डोळे पुसले. दाराशी जाऊन, जिथं माझी खुर्ची असायची तिथं, त्या जागेवर उभी राहिले. मधल्या सुट्टीतला तो आवाज काढला. मल्लिनाथ गुरुलिंग बिराजदार, मंद्रूप. रिकाम्या हॉलमधून तो माझा मला परत ऐकू आला.

या खेपेला पायरीवरून मागं कुणी फिरलं नाही.